स्टुटगार्टला बिऱ्हाड हलवताय? आधी वर्षाचा खर्च बाराने भागा

२०२४ च्या सप्टेंबरात आमच्या टपालपेटीत घरमालकिणीचं जाडजूड पाकीट आलं. आत तीन पानं नुसते आकडे आणि शेवटी एक ओळ: ७१२ युरो, महिन्याभरात भरावेत. जर्मनीत येऊन तेव्हा आम्हाला जवळजवळ दोन वर्षं झाली होती. माझी हिशेबाची वही दर महिन्याला चोख जुळायची, पण हे ७१२ युरो तिच्यात कुठेच नव्हते.

चिंचवडहून निघण्याआधी मी ओळखीच्या चौघींना फोन करून एकच प्रश्न विचारला होता, "महिन्याला किती लागतात गं?" चौघींनी चार आकडे सांगितले. खोटा कुणाचाच नव्हता, पण त्यात फक्त महिन्याच्या महिन्याला येणारी बिलं होती. इथे माणूस अडकतो तो वर्षातून एकदाच येणाऱ्या बिलांत आणि आल्याआल्या भराव्या लागणाऱ्या रकमांत. आता मला कुणी तोच प्रश्न विचारला की मी आधी वर्षाचा खर्च मांडायला सांगते.

खालचा सगळा हिशेब चौघांच्या कुटुंबाचा आहे. एक पगार, एक मूल शाळेत, एक बालवाडीच्या वयाचं, आणि घर स्टुटगार्टच्या आसपास. चाकणच्या मोटार कारखान्यांमुळे आपल्याकडच्या पुष्कळ जणांची पावलं याच भागाकडे वळतात. मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. म्युनिकला जाणार असाल तर भाड्याचा आकडा वाढवून धरा. पूर्वेकडच्या लाइपझिगसारख्या शहरात तो बराच कमी होतो. बाकीची मांडणी सगळीकडे सारखीच.

पहिलं काम: ऑफर लेटरवरचा आकडा विसरा

ऑफर लेटरवर असतो तो ब्रुट्टो, म्हणजे कापाकापीआधीचा पगार. हातात येतो तो नेट्टो. वर्षाला ६०,००० युरो ब्रुट्टो म्हणजे महिन्याला ५,०००. यातून निवृत्तिवेतन, बेकारी विमा, आरोग्य विमा आणि वार्धक्यसेवा विमा असे चार हप्ते जातात, मग प्राप्तिकर. २०२५ च्या दरांनी, घरात एकच कमावता आणि दोन मुलं असतील, तर साधारण साडेतीन हजार हातात पडतात. तोच माणूस एकटा असेल तर ३,१५० च्या आसपास.

हा फरक करवर्गामुळे पडतो. एकट्या माणसाला करवर्ग १ लागतो. नवराबायको दोघं इथे राहत असतील आणि एकच कमावत असेल, तर कमावणाऱ्याला वर्ग ३ आणि दुसऱ्याला वर्ग ५ घेता येतो. पण तो आपोआप मिळत नाही. लग्नाचा दाखला भाषांतरासह दाखवून कर कार्यालयाकडून करून घ्यावा लागतो. वर्ग ३ आणि ५ घेतलात की पुढच्या वर्षी कराचं विवरणपत्र भरणं सक्तीचं. नवरा ऑक्टोबरात आणि बायकोमुलं जानेवारीत असा बेत असेल तर जरा थांबा. बायकोची इथली नोंदणी ३१ डिसेंबरच्या आत झाली, तर त्या सबंध वर्षासाठी दोघांचा एकत्र कर लागू शकतो. करसल्लागाराला हा एक प्रश्न विचाराच. विमानाची तारीख महिनाभर अलीकडे आणण्याइतका फायदा त्यात असू शकतो.

आरोग्य विम्याची एक गोष्ट आपल्या लोकांना पटकन खरी वाटत नाही. सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, जास्तीचे पैसे लागत नाहीत. तरुणांना खासगी विमा स्वस्त दिसतो, पण तिथे माणशी वेगळा हप्ता. कुटुंब घेऊन येत असाल तर त्या मोहात पडू नका. सरकारी विम्यात मुलांच्या चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे पडत नाहीत. मोठ्यांना एका औषधामागे ५ ते १० युरो भरावे लागतात. दातांची मोठी कामं आणि मोठ्यांचा चष्मा मात्र बराचसा खिशातून. चष्मा आणि दात निघण्याआधीच पुण्यात उरकून घ्या.

पत्त्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. नोंदलेल्या चर्चसभासदांना इथे चर्चकर लागतो. या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबेर्गमध्ये, तो प्राप्तिकराच्या ८ टक्के आहे. हिंदू, बौद्ध, मुसलमान यांना तो नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक कुटुंबांनी तो रकाना भरताना हे माहीत असू द्यावं. कर द्यायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण पगारपत्रकावर अचानक दिसायला नको.

दुसरं काम: घर

निम्मा पगार इथेच जातो, म्हणून इथे सावकाश.

जाहिरातीत '३ झिमर' लिहिलं असेल तर ते आपलं टू बीएचके. हॉलही खोल्यांत मोजतात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. भाडं दोन प्रकारचं. काल्टमीटे म्हणजे नुसत्या भिंतींचं, वार्ममीटे म्हणजे गरम पाणी, हीटिंग, कचरा, जिन्यातला दिवा वगैरे धरून. त्या वरच्या खर्चांना नेबेनकोस्टेन म्हणतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो बहुधा काल्टचा आकडा, तुम्ही बजेटात वार्मचा धरा. पंचाहत्तर-ऐंशी चौरस मीटरच्या घराला शहराबाहेरच्या टापूत १,४०० ते १,८०० युरो वार्म पडतात. आमचं १,६५० आहे, त्यातलं १,३५० काल्ट.

स्टुटगार्ट हे डोंगरांच्या वाडग्यात वसलेलं शहर. वाडग्याच्या आत महाग, कडेला आणि पलीकडे स्वस्त. ऑफिस कुठे आहे ते बघा आणि त्याच लोकल मार्गावर बाहेर सरकत जा. हेरेनबेर्ग, बाकनांग, वाइब्लिंगेन ही गावं एस-बान लोकलच्या मार्गांवर आहेत. पिंपरी-चिंचवडहून हिंजवडीला जाऊन आलेल्या माणसाला इथला चाळीस मिनिटांचा प्रवास प्रवासच वाटत नाही.

अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी, म्हणजे आमच्या घराची ४,०५०. ती तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, पण हे फारसं कुणी आपणहून सांगत नाही. दलाल घरमालकाने लावलेला असेल तर त्याची दलाली २०१५ पासून भाडेकरूवर टाकता येत नाही. कुणी मागितली तर ते घर सोडा. आणि घर न पाहता, किल्ली हातात न पडता, कुठल्याही खात्यावर आगाऊ पैसे पाठवू नका. 'मालक सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल' असं सांगून फसवणारे इथेही आहेत.

आता खरी गंमत. घर रिकामं म्हणजे रिकामं. किल्ली मिळाली त्या संध्याकाळी आम्ही दिवा लावायला बटण दाबलं तर काहीच नाही. वर पाहिलं तर छतातून दोन वायरी लोंबत होत्या. दिवे आधीचा भाडेकरू घेऊन गेला होता. पहिल्या रात्री मोबाइलच्या उजेडात पोहे खाल्ले, तेही विकत आणलेल्या डब्यातले गार, कारण स्वयंपाकघरात नळाचं तोंड आणि शेगडीची वायर याखेरीज काही नव्हतं. ओटा, कपाटं, शेगडी, सिंक सगळं आपलं आपण बसवायचं असतं. जाहिरातीत बसवलेलं स्वयंपाकघर आहे असं लिहिलं असेल तर त्या घराला पन्नास युरो भाडं जास्त पडलं तरी परवडतं. नसेल तर जाणाऱ्या भाडेकरूकडून त्याचंच स्वयंपाकघर विकत घ्यायचा रिवाज आहे. घासाघीस चालते, कारण त्यालाही ते उचकटून न्यायचा वैताग असतो. आम्ही क्लाइनआनत्साइगेन या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावरून ९०० युरोंत घेतलं, आणि ते बसवायला आलेल्या माणसाला आणखी ४००.

घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्याला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. नोंदणी झाली की काही आठवड्यांत प्रत्येकाचा करक्रमांक टपालाने येतो, अगदी तीन वर्षांच्या मुलाचाही. त्यासाठी टपालपेटीवर तुमचं आडनाव हवंच. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि इथे सगळं सरकार टपालानेच बोलतं. सुरुवातीला भाड्याने घेतलेल्या सुसज्ज घरात नोंदणी करू देतात का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. करक्रमांक वेळेवर मिळाला नाही तर पगारातून सगळ्यात चढा कर कापला जातो. तो पुढे परत मिळतो, पण पहिल्या महिन्यात गाठीला पैसे नसताना फार जाचतो.

आणि केरवोखे. या भागाची ही खास देणगी. आपला केर आणि त्यांचं झाडणं यांचा उच्चार इतका सारखा निघाला की मला तो शब्द पाठ करावाच लागला नाही. इमारतीतल्या कुटुंबांनी आळीपाळीने आठवडाभर जिना आणि फाटकासमोरचा रस्ता झाडायचा. तुमची पाळी आली की दाराच्या कडीला छोटी पाटी लटकलेली दिसते. आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्या शनिवारी मला पायरीचा कोपरा बोटाने दाखवला होता. माझ्या आईनेही असाच दाखवला असता. हिवाळ्यात याच पाळीत बर्फ काढायचं काम येतं. याचा खर्चाशी संबंध असा की पाळ्या पाळल्या जात नसतील तर घरमालक बाहेरचा माणूस लावतो आणि त्याचं बिल नेबेनकोस्टेनमध्ये सगळ्यांच्या माथी बसतं.

ते ७१२ युरो

वार्ममीटेतलं हीटिंगचं भाडं हा नुसता अंदाज असतो. वर्ष संपलं की मालक खरा खर्च मांडतो. कमी वापरलं असेल तर पैसे परत, जास्त वापरलं असेल तर भरा. हा हिशेब वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तुमच्या हातात पडायला हवा. उशीर झाला तर फरकाची मागणी साधारणपणे करता येत नाही. तुम्हालाही हरकत घ्यायला बारा महिने मिळतात. बहुतेक मोठ्या शहरांत भाडेकरूंची संघटना असते. वर्षाची वर्गणी भरली की ते लोक हिशेब तपासून देतात. आमच्या हिशेबात चूक निघाली नाही. चूक आमचीच होती.

पुण्याच्या सवयीने मी सकाळी खिडकी किलकिली करून ठेवायची आणि खालचा हीटर चालूच. कपडे वाळावेत म्हणून त्याचा नॉब पाचवर. त्या नॉबवरचे आकडे पंख्याच्या वेगासारखे नाहीत. तीन म्हणजे साधारण वीस अंश. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. बरोबर पद्धत अशी: हीटर बंद करायचा, सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटांनी लावून घ्यायच्या, मग हीटर पुन्हा तीनवर. दिवसातून दोन-तीन वेळा. हे केलं नाही तर दुहेरी फटका बसतो. बंद खोलीत फोडणीची वाफ कोंडून भिंतींना बुरशी धरते आणि घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात.

विजेचा करार वेगळा आणि तो आपण करायचा. काहीच केलं नाही तरी दिवे लागतात, कारण कायद्याने स्थानिक कंपनी तुम्हाला आपोआप वीज देते, पण तो दर सहसा महाग. किल्ली घेताना मीटरचा फोटो काढा, दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर स्वस्त कंपनी शोधा आणि बदला. त्या आपोआपच्या करारातून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. चौघांना महिन्याला ८० ते १०० युरो धरा. पाणी विजेवर तापत असेल तर आणखी. हेही अंदाजी हप्ते, वर्षअखेरी याचाही फरक येतो.

तिसरं काम: किराणा आणि आपलं जेवण

इथे घाबरण्यासारखं फारसं नाही. आल्डी, लिडल, पेनी ही स्वस्त दुकानं, रेवे आणि एडेका थोडी वरची. दूध, अंडी, बटाटे, कांदे, गाजरं, सफरचंदं यांचे भाव ऐकून पोटात गोळा येत नाही. नळाचं पाणी खुशाल प्या, बाटल्यांचे क्रेट वाहू नका. बाटलीबंद काही घेतलंत तर किमतीवर फांड नावाची ठेव लागते. फेकायच्या प्लास्टिकच्या बाटलीला आणि डब्याला २५ सेंट. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर वजा होते. आमचा मुलगा या पैशांवर आपला हक्क सांगतो.

दुकानं रविवारी बंद. सुरुवातीला शनिवारी रात्री दही संपलं की रविवारी रेल्वे स्टेशनातल्या दुकानात दीडपट भाव द्यावा लागायचा. महिनाभरात वळण लागतं.

कोथिंबीर, पुदिना, भेंडी, वांगी यांसाठी तुर्की दुकानात जा. साध्या सुपरमार्केटातली कोथिंबीर कुंडीत विकतात आणि ती एका भाजीतच संपते, तुर्की दुकानात जुडी मिळते. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, शेंगदाणे आणि कणीक भारतीय किंवा श्रीलंकन दुकानात, दहा किलोची पिशवी घेतली की स्वस्त. जर्मन पिठावर आकडे असतात. ४०५ म्हणजे मैद्यासारखं, १०५० जरा करडं, पण पोळीला दोन्ही नाहीत. क्वार्क नावाचा दह्यासारखा पदार्थ म्हणजे तयार चक्का समजा. साखर, वेलदोडा घातला की पंधरा मिनिटांत श्रीखंड. पाडव्याला मी पंचा बांधून दही टांगायचं केव्हाच सोडलं. तूपही घरीच, बिनमिठाच्या लोण्याचं.

घरून काय आणायचं नाही तेही ऐका. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. आईने दिलेलं तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या विमानतळावर काढून घेऊ शकतात. ताजा कढीपत्ता आणि बहुतेक फळंही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुकरच्या शिट्ट्या आणि रिंगा यांना मात्र सामानात जागा करा. रिंगा दोन जास्तीच्या.

चौघांचा किराणा, साबण, टिश्यू सगळं मिळून आमचे ६५० ते ७०० युरो होतात. आठवड्यातून एकदा बाहेर जेवायचा परिपाठ ठेवलात तर दोनेकशे वाढवा. साध्या हॉटेलातही चौघांचं साठ-सत्तरच्या खाली उरकत नाही.

चौथं काम: मुलं

सरकारी शाळेला फी नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी या राज्यात तयारीचे वर्ग असतात, तेही फुकट. आमची मुलगी आठ वर्षांची होती. पहिले चार महिने ती शाळेत गप्प, आणि पाचव्या महिन्यापासून माझे उच्चार सुधारते आहे. आंतरराष्ट्रीय शाळेचा विचार करत असाल तर फी कंपनी भरणार का ते करारात लिहून घ्या. स्वतःच्या खिशातून ती एका पगारात जमत नाही.

बालवाडी म्हणजे किटा. बर्लिनमध्ये तिची फी माफ आहे, इथे नाही. फी गावागावाप्रमाणे बदलते. बऱ्याच गावांत घरात अठराखालची मुलं किती यावर ती ठरते, म्हणून फॉर्मवर सगळ्या मुलांची नावं लिहा. आमचे जेवणासकट अडीचशे जातात. पण फीपेक्षा जागा मिळणं अवघड. कायद्याने वर्षापुढच्या मुलाला जागेचा हक्क आहे, तरी आम्ही आठ महिने थांबलो. तेवढे महिने मी नोकरी शोधू शकले नाही. हा खर्च कुठल्याच यादीत येत नाही, पण दोन पगारांच्या भरवशावर येणाऱ्यांनी तो आधी मोजावा. नावनोंदणी बहुधा गावाच्या संकेतस्थळावरून होते. पत्ता मिळाला त्याच दिवशी नाव घाला.

आता पैसे येण्याची बाजू. किंडरगेल्ड हा मुलांसाठीचा सरकारी भत्ता. २०२५ मध्ये मुलामागे महिन्याला २५५ युरो, जानेवारी २०२६ पासून २५९. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर, आलेल्यांनाही मिळतो. अर्ज करावा लागतो आणि मागची थकबाकी फक्त सहा महिन्यांची देतात. आमच्या ओळखीचे एक जण 'नंतर बघू' म्हणत वर्षभर थांबले. दोन मुलांचे सहा महिने म्हणजे तीन हजारांहून जास्त युरो वाया गेले. मुलांचे करक्रमांक हातात पडले की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

मुलांचे कपडे नवे घेण्याची घाई नको. शाळा आणि बालवाड्या वसंतात आणि शरदात जुन्या कपड्यांचे बाजार भरवतात. बर्फाचे बूट, जाड पँट, सायकल तिथे चौथाई किमतीत मिळते. मुलांच्या थंडीच्या जाड कपड्यांची खरेदी पुण्यात करू नका, इथल्या ओल्या थंडीला ते पुरत नाहीत आणि बॅगेचं वजन खातात.

पाचवं काम: जाणं-येणं

पहिलं वर्ष गाडी घेऊ नका. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. नंतर लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पुण्यात वीस वर्षं गाडी चालवलेली माणसंही पहिल्या फेरीत नापास होतात, बहुतेक वेळा खांद्यावरून मागे न पाहिल्याबद्दल. शिकवणी, परीक्षा, गाडीचा विमा, पार्किंग यांची बेरीज केली की लोकल आवडायला लागते.

डॉइचलंड तिकीट म्हणजे देशभरच्या लोकल, ट्राम, बस आणि साध्या गाड्यांचा मासिक पास. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना निघाला, २०२५ मध्ये ५८ झाला, २०२६ पासून ६३. जलद गाड्यांना चालत नाही. दर महिन्याला त्याची मुदत आपोआप पुढे वाढते, म्हणून भारतात जाताना बंद करायचा असेल तर आदल्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. विनातिकीट सापडलात तर ६० युरो, आणि 'आजच आलो, माहीत नव्हतं' हे कुणी ऐकत नाही.

सहावं काम: किरकोळ पण चिवट

रेडिओ-टीव्हीची वर्गणी: घरामागे महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी द्यायची, पत्ता नोंदवला की पत्र आपोआप येतं. साधारण तीन महिन्यांची एकदम मागतात, म्हणून पत्रावर ५५ चा आकडा दिसतो. फसवणूक समजून फाडू नका.

हाफ्टफ्लिष्ट: तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा. सक्ती नाही, पण मुलांनी सायकल कुणाच्या मोटारीवर घासली की त्याची किंमत कळते. सबंध कुटुंबाचा वर्षाला शंभराच्या आत मिळतो.

इंटरनेटचा करार सहसा चोवीस महिन्यांचा. तात्पुरत्या घरात तो करू नका, महिन्यावारीचा घ्या. मोबाइलला सुपरमार्केटचं प्रीपेड कार्ड दहा युरोंत पुरतं.

आता वही

आमचं २०२५ चं पान, वर्षाचे खर्च बाराने भागून:

भाडं, हीटिंगसकट: १,६५०
वीज: ९०
इंटरनेट आणि दोन मोबाइल: ६०
रेडिओ-टीव्ही वर्गणी: १८
किराणा आणि घरसामान: ७००
किटा: २५०
शाळेतलं जेवण: ८०
दोन मासिक पास: ११६
विमे: १५
कपडे, बूट, मुलांचे क्लब: १५०
औषधं, दात: ३०
हीटिंगच्या फरकासाठी राखीव: ५०
भारतवारी: २८०

बेरीज ३,४८९. साडेतीन हजारांच्या नेट्टोत शिल्लक काहीच नाही. किंडरगेल्डचे ५१० धरले तरच श्वास घेता येतो. भारतातल्या फ्लॅटचा हप्ता यात नाही. तो चालू असेल तर एका पगारात ६०,००० ची ऑफर ओढाताणीची होईल, हे नवऱ्याला आणि स्वतःला आधीच सांगा. २०२५ अखेर युरो शंभर रुपयांच्या वर गेला होता. प्रत्येक वस्तू रुपयांत मोजत बसलात तर पहिला महिना फक्त ब्रेडवर निघेल. रुपयांत मोजायची ती शिल्लक तेवढी.

भारतवारीची ओळ बघून पुष्कळ जण हसतात. चौघांची तिकिटं शाळेच्या सुटीत तीन हजारांच्या पुढेच जातात, कारण शाळा सुरू असताना मुलांना घेऊन जाता येत नाही. सुटीआधी दोन दिवस पोरांना आजारी पाडायचा पुणेरी उपाय इथे करू नका, त्याला दंड होतो.

निघताना गाठीला किती

या वहीच्या आधीचे तीन महिने वेगळे. तात्पुरतं सुसज्ज घर महिन्याला दोन ते अडीच हजार, साधारण दोन महिने. मग अनामत ४,०५०, पहिलं भाडं १,६५०, स्वयंपाकघर दीड हजार, पलंग-गाद्या-कपाटं-धुलाईयंत्र दोन हजार. जुनं घ्यायची तयारी असेल तर यात मोठी बचत होते. शिवाय नॅशनल व्हिसाचे मोठ्यांना ७५, मुलांना ३७.५० युरो, आणि इथे आल्यावर राहण्याच्या परवान्याची फी. सगळं मिळून चौदा-पंधरा हजार युरो लागतात, आणि पहिला पगार महिन्याच्या शेवटी होतो. कंपनीशी बोलताना पगारात हजार-दोन हजार वाढवून मागण्यापेक्षा सुरुवातीचं घर आणि सामानाचा खर्च मागा. तो मिळणं सोपं असतं. खिशातून जे जाईल त्याच्या पावत्या ठेवा, नोकरीसाठीच्या स्थलांतराचा काही खर्च करातून वजा होतो.

आणि आई-बाबा येणार असतील तर त्यांचंही पान आत्ताच घाला. तुम्ही त्यांचा खर्च उचलाल असं हमीपत्र इथल्या कार्यालयातून घ्यावं लागतं, त्याची फी २९ युरो. शेंगेन व्हिसा माणशी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी विमा. हा विमा जुन्या आजारांना बहुधा चालत नाही, म्हणून बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या बरोबर, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. त्यांना मे ते सप्टेंबर या काळात बोलवा. हीटर बंद असतो, जून-जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि केरवोखेची पाटी दारावर लागली की आमच्याकडे आई आधी झाडू शोधते.